टाळी दुसऱ्या मात्रेवर

ड्रमवर बसलेला मुलगा नुसत्या पायानं ठोका धरून आहे. त्याच्या शेजारचा बेस गिटारवाला मान खाली घालून तारा जुळवतो, मध्येच एक खर्जातला सूर सोडतो आणि तो सूर कानाआधी बाकाच्या लाकडातून पाठीला कळतो. अकराला दहा मिनिटं कमी आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या टेंडरलॉइन वस्तीत, एलिस आणि टेलर या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या ग्लाइड मेमोरियल चर्चमध्ये, मधल्या वाटेजवळच्या बाकावर मी बसले आहे. शेजारी माझी भाची. पुण्याहून शिकायला आलेली ही मुलगी इथल्या स्वयंपाकघरात स्वयंसेवक म्हणून राबते, आणि ‘आत्या, आधी ये, बघ, मग काय बोलायचं ते बोल’ असं म्हणत तिनं मला आणलं आहे.

“क्रॉस कुठाय गं?” मी हळूच विचारते.

“नाहीये. सांगते नंतर. आधी ऐक.”

पण ऐकायच्या आधी मी माणसंच बघत राहते. दारात जांभळी टोपी घातलेली एक उंच बाई उभी आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही हात ती आपल्या दोन्ही हातांत घेते. कडक इस्त्रीच्या सुटातले एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ छडी टेकत येतात, मागून त्यांची पत्नी, डोक्यावर खास रविवारची हॅट. त्यांच्या मागं एक माणूस येतो, पाठीवर बांधलेला सगळा संसार आणि पायांत दोन वेगवेगळ्या जोडांमधले बूट. त्याला किती वेळ धरलं जातं, इकडंच माझं लक्ष आहे. सुटातल्या गृहस्थांइतकाच वेळ. मग समोरच्या हॉटेलात उतरलेलं एक पर्यटक जोडपं. मग चाकाच्या खुर्चीतली एक फिलिपिनो आजी. मग दोन पोरी, एकीचं डोकं अर्धं भादरलेलं, दुसरीचे केस हिरवेगार. त्या माझ्या भाचीला बघून ओरडतात आणि बाक ओलांडून तिच्या गळ्यात पडतात. एका म्हाताऱ्याच्या कोटातून छोटं कुत्रं डोकं बाहेर काढतं. त्यालाही कुणी हटकत नाही.

गायनमंडळ येतं ते चालत नाही, झुलत येतं. एकसारखे झगे नाहीत, ज्याचे त्याचे कपडे. काळे, गोरे, चिनी, मेक्सिकन, म्हातारे, पोरसवदा, पन्नास-साठ जण तरी असतील. पियानो सुरू होतो, त्याच्याखाली ऑर्गनचा लांब सूर पसरतो आणि सगळं दालन उभं राहतं. उभे राहा असं कुणी सांगत नाही.

मी टाळी वाजवते आणि ती चुकीच्या जागी पडते. माझी टाळी समेवर. नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू झालं, पेटीनं सूर दिला, तबल्यानं भजनी ठेका धरला की समेला टाळी द्यायची हे आम्हाला कधी कुणी शिकवलं नाही. इथं पहिली मात्रा मोकळी सोडतात. टाळी दुसरीवर आणि चौथीवर. भाची माझा हात धरून दोन आवर्तनं तशी वाजवते, मग सोडते. अंगात बसायला थोडा वेळ लागतो. बसल्यावर लक्षात येतं की पहिल्या मात्रेला शरीर खाली जातं आणि दुसरीला टाळीबरोबर वर उसळतं. या पद्धतीनं गाणारा माणूस स्थिर उभा राहूच शकत नाही.

गाण्याची बांधणी मात्र मला परकी वाटत नाही. एक बाई पुढं होऊन ओळ टाकते, मागचे सगळे ती झेलतात. आमच्याकडं कीर्तनकार आणि टाळकरी यांच्यात जे चालतं तेच. फरक पुढं आहे. गाणं संपत आलं असं वाटतं तेव्हाच ते खरं सुरू होतं. एकच छोटी ओळ धरतात. आधी पुरुषांचा खालचा आवाज ती म्हणतो, त्यावर मधले आवाज चढतात, मग बायकांचे वरचे. तिन्ही थर बसले की संचालक मूठ वर करतो आणि सगळेच्या सगळे पट्टी चढवतात, अर्ध्या सुरानं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा मूठ, पुन्हा अर्धा सूर. शब्द एकही बदलत नाही, उंची मात्र वाढत जाते. पुढच्या बाकावरची हॅटवाली आजी हॅट काढून बाकावर ठेवते आणि दोन्ही हात वर करते.

या संगीताला वेशीवरून आत यायला किती भांडावं लागलं होतं! शिकागोचा थॉमस डॉर्सी ब्लूजचा पियानोवादक. १९३०च्या दशकात त्यानं ब्लूजची चाल आणि चर्चची प्रार्थना एकत्र आणली तेव्हा अनेक प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चनी त्याला दार दाखवलं होतं. दारूच्या गुत्त्यातला ताल देवघरात कसा चालेल, हा त्यांचा सवाल. पुढं १९६९ साली याच खाडीच्या पलीकडच्या ओकलंडचा तरुण एडविन हॉकिन्स यानं बसवलेलं ‘ओ हॅपी डे’ जगभरच्या रेडिओंवर वाजलं. अठराव्या शतकातलं एक इंग्रजी भक्तिगीत, त्याला नवा ठेका, आणि बर्कलीच्या एका चर्चमध्ये केलेलं साधं ध्वनिमुद्रण. नगरकरांना ही भांडणं माहीत आहेत. मिशनऱ्यांनी आणलेल्या विलायती चालींवर मराठी शब्द बसवून आमच्या पणजोबांनी उपासना केली. मग कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवी, अभंग, भजन हे सगळं हक्कानं येशूच्या पायाशी नेलं. तेव्हाही टाळ-मृदंग चर्चमध्ये शोभतो का, हा प्रश्न निघालाच होता.

गाणं थांबतं. टाळ्या, हसणं, कुणाचं तरी रडणं. माझ्या उजव्या हाताला बसलेले आजोबा मला पाण्याची बाटली पुढं करतात. ऐंशीच्या घरातले असतील. पांढरे केस मागं बांधलेले, मनगटात मण्यांची माळ.

“पहिल्यांदा आलात?”

“हो. तुम्ही?”

“मी गेलोच नाही कुठं,” ते म्हणतात. “सदुसष्टच्या उन्हाळ्यात या शहरात आलो. पायांत चपला नव्हत्या. वडील पाद्री होते, म्हणून चर्चचं तोंड बघायचं नाही असं ठरवून घर सोडलेलं. आणि एका रविवारी रस्त्यावरून जाताना आतून सॅक्सोफोन ऐकू आला.”

ते ज्या ग्लाइडबद्दल बोलत आहेत ते समजायला त्याच्या आधीचं ग्लाइड माहीत हवं. १९२९ साली लिझी ग्लाइड या श्रीमंत, श्रद्धाळू बाईंनी दिवंगत पतीच्या स्मरणार्थ ही जागा घेतली. पती गुरांच्या व्यापारातले मोठे धनी. बाईंनी चर्च बांधलं, त्याच्यामागं भक्कम निधी ठेवला. पण शहर बदलत गेलं. सुस्थितीतली कुटुंबं उपनगरांकडं निघाली, टेंडरलॉइनमध्ये उरली एकेका खोलीची भाड्याची हॉटेलं, दारूचे अड्डे, घरातून हाकलून दिलेली पोरं. १९६०च्या सुमारास अशी अवस्था झाली की तिजोरी भरलेली आणि बाक रिकामे. मोजकी म्हातारी मंडळी रविवारी यायची, ऑर्गनवर संथ गाणी व्हायची, घरी जायची. पायऱ्यांवर झोपलेल्या पोरांना ओलांडून आत यायचं आणि ओलांडून बाहेर जायचं.

मग इथं काही तरुण पाळक आले. १९६२मध्ये टेड मॅकिल्व्हेना यांना वस्तीतल्या तरुणांमध्ये काम करायला नेमलं गेलं. त्यांनी रस्त्यावर हिंडून पोरांना विचारलं की तुम्ही घराबाहेर का, आणि कित्येकांनी सांगितलं की आम्ही समलिंगी आहोत म्हणून घरच्यांनी काढलं. १९६३ साली सेसिल विल्यम्स आले. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोचे, गुलामगिरी भोगलेल्या आजोबांचे नातू. दक्षिणेतल्या पर्किन्स धर्मशास्त्र विद्यालयातून १९५५मध्ये पदवी घेणाऱ्या पहिल्या पाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एक. १९६४मध्ये पाळक आणि समलिंगी कार्यकर्ते यांनी मिळून एक परिषद स्थापन केली आणि १९६५च्या नववर्षदिनी तिच्यासाठी नृत्यसमारंभ भरवला. पोलिसांनी दारात दिवे लावून येणाऱ्या प्रत्येकाचे फोटो काढले, काहींना पकडलं. दुसऱ्या दिवशी पाळकांनी गळ्यातल्या पांढऱ्या कॉलरसकट पत्रकारांपुढं बसून पोलिसांचा निषेध केला. त्या काळात एवढं करायला छाती लागत होती.

“झाडूंचं सांगा ना त्यांना,” भाची माझ्यावरून वाकून आजोबांना म्हणते.

झाडूंची गोष्ट १९६६ची. वस्तीतल्या याच बेघर, वाट चुकलेल्या पोरांनी ग्लाइडच्या आधारानं ‘व्हॅनगार्ड’ नावाची संघटना काढली. इथून दोन चौकांवर, टर्क आणि टेलरच्या कोपऱ्यावर कॉम्प्टन्स नावाचं रात्रभर उघडं असणारं खानावळवजा हॉटेल होतं. तिथून या पोरांना आणि तृतीयपंथी बायकांना हुसकलं जाई. त्यांनी हॉटेलासमोर निदर्शनं केली. ऑगस्टमध्ये एका रात्री पोलिसानं एकीचा हात धरला तेव्हा तिनं कपातली कॉफी त्याच्या तोंडावर फेकली आणि दंगा पेटला. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉलच्या तीन वर्षं आधी. त्यानंतरच्या शरद ऋतूत पोलीस रस्ते ‘साफ’ करतात, म्हणजे माणसं उचलतात, याच्या निषेधात ही पोरं खरेखुरे झाडू घेऊन बाहेर पडली आणि त्यांनी रस्ता झाडला. त्याचा फोटो आहे. कोवळी, हसरी, हडकुळी पोरं आणि हातात लांब दांड्यांचे झाडू. तो बघताना मला गाडगेबाबा आठवल्याशिवाय कसे राहतील? दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं, हा क्रम त्यांनी आयुष्यभर पाळला. आधी झाडू, मग टाळ.

ग्लाइडमध्येही क्रम तोच आहे, आणि मला या चर्चबद्दल जे सांगायचं आहे ते एवढंच. लोक सांगतात की मरू घातलेलं चर्च संगीतानं जगवलं. संगीत आलं ते नंतर. आधी दार उघडलं, दारातून जी माणसं आत आली ती आपापलं गाणं घेऊन आली. पहिल्यांदा गिटार ठेवून तरुण गोळा करायचे, हा हिशेब इथं कुणी मांडला नव्हता. आज आपल्याकडची कितीतरी चर्चं ड्रमसेट आणि रंगीत दिवे विकत आणतात आणि तरुण का येत नाहीत म्हणून बैठका घेतात. त्या बैठकांमध्ये मी बसले आहे. दार कुणासाठी बंद आहे, हा प्रश्न तिथं निघताना मी ऐकलेला नाही.

“१९६७मध्ये त्यांनी क्रॉस काढला,” आजोबा मंचाकडं बोट करतात. “तिथं होता. सेसिल म्हणाले, क्रॉस बघत बसण्याची वस्तू नाही. बाहेर माणसं खिळली गेली आहेत, त्यांच्याकडं बघा.”

“लोक चिडले नाहीत?”

“जुन्यांपैकी पुष्कळ निघून गेले. माझी आई आली होती भेटायला, तीही चिडली.” ते थोडं थांबतात. “पण ती गाण्याला थांबली.”

त्या वर्षाची आणखी एक रात्र ते सांगतात. फेब्रुवारी १९६७मध्ये ‘डिगर्स’ या हिप्पी गटानं आणि शहरातल्या कलावंतांनी या इमारतीत ‘इनव्हिजिबल सर्कस’ भरवली. हजारो लोक खोल्याखोल्यांत शिरले, रिचर्ड ब्रॉटिगन हा लेखक आत छापखाना मांडून बातम्या छापत आणि वाटत बसला. तीन दिवसांचा बेत, पण चर्चला तो पहिल्याच रात्रीत आवरावा लागला. आजोबा त्या रात्री नव्हते, ते उन्हाळ्यात आले. पण हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळतो की ते त्या गर्दीत होतेच असं वाटावं. नंतरच्या रविवारांच्या आठवणी मात्र त्यांच्या स्वतःच्या. भिंतींवर रंगीत प्रकाश पाघळायचा, जॅझ वाजायचं, बाकांवर जागा नसायची, खिडक्यांच्या कठड्यांवर पोरं बसायची.

त्याच १९६७ साली याच शहरात एक दुसरी वाट फुटली होती, तीही सांगायला हवी. हेट-ॲशबरीत काही हिप्पी जोडप्यांनी ‘लिव्हिंग रूम’ नावाचं छोटं कॉफीघर उघडलं आणि नशेत बुडालेल्या पोरांना येशू सांगायला सुरुवात केली. तिथला लॉनी फ्रिस्बी हा लांब केसांचा पोरगा पुढच्या वर्षी दक्षिणेला कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये गेला. चक स्मिथ १९६५मध्ये तिथं पाळक झाले तेव्हा मंडळीत पंचवीस माणसं होती. काही वर्षांत तंबू ठोकावा लागला, समुद्रात रांगेनं बाप्तिस्मे होऊ लागले, ‘लव्ह साँग’सारख्या वाद्यवृंदांनी उपासनेची गाणी गिटारवर बसवली, १९७१मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं मुखपृष्ठावर येशू छापला. आज पिंपरीपासून वसईपर्यंतच्या तरुणांच्या उपासनेत जी गिटारची गाणी चालतात त्यांचं मूळ तिथं आहे. ती वाट आणि ग्लाइडची वाट पुढं फार दूर गेल्या. ते बायबलच्या अक्षराला चिकटून राहिले, हे रस्त्यावरच्या माणसाला. दोघांचं एकमेकांशी पटलं नाही, आजही पटत नाही. पण सुरुवातीला दोघांनीही एकच केलं होतं: अनवाणी पायांना गालिच्यावर येऊ दिलं.

मंचावर आता एक बाई उभी आहे. चाळिशीची असेल, हातातला कागद थरथरतोय. नशा सोडून नव्वद दिवस झाले, एवढं एक वाक्य ती बोलते आणि पुढचं बोलूच शकत नाही. दालन तिच्यासाठी उभं राहतं. ड्रमवाला एकदाच झांज वाजवतो. आजोबा माझ्या कानाशी सांगतात की ऐंशीच्या दशकात क्रॅक कोकेननं ही वस्ती पोखरली, एड्सनं घराघरांतली माणसं नेली, तेव्हा या मंचावर दर रविवारी अशी माणसं उभी राहायची. सेसिल आणि त्यांच्या पत्नी, जपानी-अमेरिकन कवयित्री जॅनिस मिरिकितानी, या दोघांनी ही बोलण्याची रीत पाडली. मिरिकितानी युद्धकाळात बाळपणीच आईवडिलांबरोबर छावणीत डांबल्या गेल्या होत्या. गप्प राहण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. त्या २०२१मध्ये गेल्या, सेसिल एप्रिल २०२४मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी.

उपदेश लहान आहे, आणि आजचा उपदेश मला भिडत नाही. येशूचं नाव त्यात फार कमी येतं. मी ज्या घरात वाढले तिथं सकाळची सुरुवात शास्त्रपाठानं व्हायची. वेदीमागचा साधा लाकडी क्रॉस हा आमच्या डोळ्यांचा विसावा होता. वाळीत टाकलेल्या माझ्या आज्यापणज्यांना त्या क्रॉसनं ‘तुम्ही माणूस आहात’ असं पहिल्यांदा सांगितलं. तो उतरवायला मी संमती दिली नसती, आजही देणार नाही. २०१८मध्ये मेथडिस्ट बिशपांनी ग्लाइडच्या पाळकांना दुसरीकडं हलवलं. त्यांचा आक्षेप असा की इथं बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे ख्रिस्ती उपासनेचे मूळ विधीच उरले नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२०मध्ये ग्लाइड मेथडिस्ट संघातून बाहेर पडून स्वतंत्र झालं. बिशपांचं दुःख मला कळतं. ते खरं दुःख आहे.

पण टिळकांचंही मला आठवतं. त्यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७मध्ये, मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही येशूचे शिष्य म्हणून एका बैठकीत बसतील अशी त्यांची मनीषा होती. मिशनला ते रुचलं नाही. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार वाढू शकला नाही. तो पन्नास वर्षं चालला असता तर कसा दिसला असता? कदाचित असाच. शेजारी कोण बसलंय हे न विचारता गाणारा. आणि त्यातही एखादी नगरची बाई क्रॉस शोधत बसली असती.

हे मी भाचीला बोलून दाखवते. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधीच्या गडबडीत ती माझ्याकडं वळते.

“आत्या, मी पुण्यात चर्चला जायचं का सोडलं, माहितेय तुला? तिथं मी कुणाबरोबर नवीन गेले की त्याला पहिला प्रश्न, तुम्ही कुणातले? मूळ गाव कुठलं? आडनाव काय? मग बसायला जागा.”

“आपल्यातही आहे ते,” मी म्हणते. “नाही कसं म्हणू?”

“इथं मला क्रॉस नाही मिळाला. पण तो प्रश्नही नाही मिळाला.”

मी काही बोलत नाही, कारण त्या प्रश्नानं कोण कोण दुखावून गेलं त्यातल्या काहींना मी ओळखते. धर्म बदलला, पंगत बदलली नाही, हे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींचं जुनं गळू आहे आणि त्यावर आम्ही मोठ्यानं बोलत नाही.

पुन्हा संगीत. या वेळी गाणं गॉस्पेल नाही, सत्तरच्या दशकातलं रेडिओवरचं सोल आहे. त्यातला प्रियकर काढून त्या जागी शेजारी ठेवलाय एवढाच बदल. सॅक्सोफोनवाली तरुण मुलगी डोळे मिटून लांब तान घेते. मी मान वळवून मागं बघते. गॅलरीतले मागचे बाक रिकामे आहेत. खालीही जागा आहे. आजोबांनी सांगितलेली, कठड्यांवर बसलेली ती गर्दी आता नाही. साथीच्या काळात दारं बंद होती, जुनी माणसं गेली, आणि या शहरात भाड्यानं राहणं तरुणांच्या आवाक्यातलं नाही. ज्यांनी हे चर्च वाचवलं ती मुलं आता छडी टेकत येतात. बर्कशायरचे वॉरन बफे यांनी दिवंगत पत्नी सुझन यांच्या ओढीनं २००० ते २०२२ या काळात आपल्याबरोबरच्या जेवणाचा लिलाव ग्लाइडसाठी केला, त्यातून पाच कोटी डॉलर्सच्या वर रक्कम उभी राहिली. शेवटच्या एका जेवणाला एक कोटी नव्वद लाख. त्या पैशानं भाकरी मिळाली, औषधं मिळाली. बाक भरायला मात्र पुन्हा माणसंच लागतील. हिरव्या केसांची ती पोरगी, तिची मैत्रीण, माझी भाची, मागं उभी असलेली आणखी पाच-सहा तरुण मंडळी. यांची संख्या फार नाही. ६३ सालीही इथं फार माणसं नव्हती.

शेवटच्या गाण्याला सगळे हातात हात घेतात. माझ्या एका हातात आजोबांचा हाडकुळा हात, दुसऱ्यात भाचीचा. मधली वाट ओलांडून दोन वेगवेगळ्या बुटांवाला माणूस साखळीत येतो. पट्टी चढते, पुन्हा चढते. पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात, आणि एकदम सगळीकडं मिठ्या सुरू होतात. मला पाच-सहा अनोळखी लोक मिठी मारतात. अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, पासष्टीची बाई एरवी असल्या गोष्टींना बिचकते. आज बिचकत नाही.

बाहेर लख्ख ऊन आहे आणि समुद्राकडून गार वारा. समोर हिल्टनचा ४६ मजली टॉवर. त्याच्या सावलीत, चर्चच्या भिंतीला लागून, दुपारच्या जेवणाची रांग वळसा घालून टेलर स्ट्रीटवर गेली आहे. कुणी तंबूत, कुणी खोक्यावर, एकजण भिंतीला टेकून स्वतःशीच बोलतोय. वरच्या बाजूला जुन्या एकखोली हॉटेलाच्या काउंटरमागं गणपतीची तसबीर दिसते. या वस्तीतली अशी कितीतरी हॉटेलं गुजराती पटेल कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहेत. टेंडरलॉइनच्या भाडेकरूंना भारत माहीत आहे तो त्यांच्यामुळं. रस्त्यावर लघवीचा वास आहे, सुया आहेत, पोलिसांची गाडी आहे. साठ वर्षं गाऊनही ही वस्ती बरी झालेली नाही. गाण्यानं ती होणारही नव्हती. घरं महाग होत गेली, वेड्यांची इस्पितळं बंद झाली, आणि नवं विष जुन्यापेक्षा स्वस्त निघालं. ग्लाइड वर्षाला लाखो थाळ्या वाढतं आणि रांग लहान होत नाही. हे पाहून राग यायला हवा, आणि मला येतो.

भाची मात्र रांगेकडं बघून घड्याळ बघते. “आत्या, माझी कामाची पाळी सुरू झाली. दोनपर्यंत लागेल. तू पॉवेल स्टेशनवरून गाडी धर, मी येते मागून.”

“मी कशाला जाऊ? मलाही एप्रन दे.”

ती हसते आणि मला तळघराच्या जिन्यानं खाली नेते. खाली वाफ, भांड्यांचा खणखणाट, उकडलेल्या बटाट्यांचा वास, भिंतीवरच्या रेडिओवर कुणीतरी मोठ्यानं लावलेलं गाणं. मघाशी मंचावर तार सप्तकात गाणारा एक धिप्पाड माणूस इथं डोक्याला जाळी लावून मोठ्या पातेल्यात ढवळतोय. तो मला नखशिखांत बघतो, भाचीला काहीतरी विचारतो.

“काय म्हणतोय?”

“कांदा चिरता येतो का, विचारतोय. पोतंभर आहे.”

“त्याला सांग, कापणीच्या सणाला आख्ख्या मंडळीचं जेवण आम्ही चारचौघी करतो. सुरी धारेची दे म्हणावं.”